इन्शाअल्लाह म्हणजे किती वाजता?

कुणी ‘येतो, इन्शाअल्लाह’ म्हटले की आमची अम्मी हमखास विचारते, “म्हणजे किती वाजता?” लोक हसतात, पण मला तो प्रश्न रास्त वाटतो. टाळायचे असले की आपण अल्लाहचे नाव पुढे करतो, हे खटकते. उद्या अमुक करीन असे सांगताना इन्शाअल्लाह म्हणा, अशी ताकीद सूरह कहफमध्ये आहे. म्हणजे काहीतरी करायचे ठरवले आहे, हे तिथे धरलेलेच आहे.

तवक्कुलचा विषय निघाला की उंट बांधण्याची हदीस सगळेच सांगतात. मला मात्र हिजरत आठवते. इ.स. 622. मक्केत पैगंबरांच्या (स.) जिवावर उठलेले लोक. मदीना उत्तरेला, आणि ते निघाले दक्षिणेला, सौर डोंगरातल्या गुहेकडे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दोन उंटिणी चारा घालून आधीच तयार ठेवल्या होत्या. त्यांचा मुलगा अब्दुल्लाह दिवसभर मक्केत कानोसा घेई आणि रात्री बातमी पोहोचवी. आमिर बिन फुहैरा शेळ्या-मेंढ्या त्याच वाटेने हाकत; दूध मिळे आणि पावलांच्या खुणाही पुसल्या जात. वाटाड्या तर मुसलमानही नव्हता. त्याला वाट माहीत होती आणि तो भरवशाचा होता, एवढे पुरे झाले. (हे आपण फार लवकर विसरतो.) इतके करूनही शोधणारे गुहेच्या तोंडाशी आलेच. पुढचे कुणाच्याच हातात नव्हते. अल्लाह आपल्यासोबत आहे, हा त्या वेळी अबू बक्रना दिलेला दिलासा म्हणूनच मला नुसत्या शब्दांचा वाटत नाही.

2020 साली अब्बा-अम्मींचा हजचा नंबर लागला होता. अब्बा तेव्हा 65 वर्षांचे. जूनमध्ये सौदी सरकारने कळवले, बाहेरच्या देशांतून कुणालाही येता येणार नाही. भरलेले पैसे परत आले. 2021 मध्येही तेच. 2022 मध्ये दारे उघडली, पण 65 वर्षांखालच्यांनाच. शेजारी म्हणत, बुलावा आला नसेल. अम्मी एकदा जानमाजवर बसून खूप रडली; त्या दिवशी तिला काय सांगावे मला सुचले नाही.

अब्बांनी ते पैसे घरखर्चात मिसळू दिले नाहीत. पासपोर्टची मुदत संपत आली तेव्हा नवा काढला. फजरनंतर दोघे मैदानाला फेऱ्या मारत, तवाफला गुडघे साथ देतील म्हणून. दरम्यान अब्बांनी देणेकऱ्यांची यादी करून एकेकाचे पैसे फेडले आणि वसीयत लिहिली. मी विचारले, “हज झालाच नाही तर?” ते म्हणाले, “तरी कर्ज तर फिटले ना?”

2023 मध्ये वयाची अट उठली. अब्बांनी अर्ज भरला आणि संध्याकाळी मला कपाटाचा तो खण दाखवला, ज्यात वसीयतीचा कागद आहे.