ताकद सगळ्यात शेवटी

पुणे

चि. भाच्यास,


तुझी यादी मिळाली. दाजींनी 2018 ची स्विफ्ट तुझ्या हवाली केल्यापासून तुझ्या डोक्यात कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे घोळतोय, हे ताईने फोनवर सांगितलंच होतं. यादीत पहिला मोठा सायलेन्सर, मग कोन फिल्टर, मग ईसीयू रिमॅप, 17 इंची अलॉय, खाली बसवलेले स्प्रिंग. ब्रेक सगळ्यात शेवटी, तेही ‘पैसे उरले तर’ असं लिहून. तुझा हुरूप मला मनापासून आवडला. पण ही यादी तू खालून वर वाचावीस, एवढ्यासाठी हे लांबलचक पत्र.

विष्णुपुरीला एसजीजीएसमध्ये मेकॅनिकल शिकतोस, तेव्हा गणितापासूनच सुरुवात करतो. तुझी गाडी साधारण 875 किलोची, त्यात तू बसलास की 950. सरळ पट्ट्यावर 140 चा वेग गाठलास आणि वळणाआधी तो 60 वर आणलास, तर काही सेकंदांत जवळजवळ 585 किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. 30 अंशांचं दोन लिटर पाणी उकळीला आणायला तेवढी उष्णता लागते. ती बरीचशी पुढच्या दोन डिस्क आणि पॅडमध्ये उतरते, आणि एका लॅपमध्ये अशी वळणं एकापाठोपाठ येतात. कंधार-लोहा-नांदेड रस्त्यावर ब्रेक कधी दगा देत नाहीत, कारण दोन ब्रेकांच्या मध्ये त्यांना निवायला वेळ मिळतो. ट्रॅकवर तो मिळत नाही. आधी पॅडची पकड जाते, पाय जोरात दाबला तरी गाडी पुढेच सरकते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. त्यात वाफ धरली की पेडल मऊ पडतं आणि तळाला जाऊन टेकतं. त्या क्षणी तुझ्या सायलेन्सरचा आवाज कितीही भारी असला तरी काही उपयोग नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो; पाणी मुरल्यावर तोच 155 पर्यंत उतरू शकतो. म्हणजे दोन-तीन पावसाळे काढलेल्या ऑइलवर ट्रॅकला जाणं हे सरळसरळ जिवावरचं धाडस आहे. जुनं ऑइल पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं नवं भरून घे आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घे. गॅरेजात अर्धा उघडा पडलेला डबा चालणार नाही, मिस्त्री कितीही ओळखीचा असो. डॉट 5.1 मिळालं तर आणखी चांगलं, पण नुसतं ‘डॉट 5’ लिहिलेलं घेऊ नकोस. ते सिलिकॉनचं असतं, तुझ्या गाडीत चालत नाही. पॅड मध्यम प्रतीचे घे. निव्वळ शर्यतीचे पॅड गार असताना नीट पकडत नाहीत, आणि तुला याच गाडीने दर शनिवारी कंधारला घरी जायचं आहे. मागचे ड्रम आहेत तसेच राहू देत.

मग टायर. गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार तळहातांएवढ्या जागेवर. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांचं काम शेवटी तिथूनच होतं. मूळ 185/65 आर 15 हाच आकार ठेव आणि त्यात चांगल्या रबराचा टायर घे. 17 इंची चाकं दिसायला देखणी, पण बहुधा जड असतात, आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात जाणवतं. ट्रॅकवर टायर तापतो तशी आतली हवा फुगते. गार असताना 32 पीएसआय भरलेली 38-39 वर सहज जाते आणि पकड घटते. म्हणून आपला गेज बरोबर ने, गाडी बाहेर आल्या आल्या मोज आणि जादा हवा तिथेच सोड. घरी निघताना परत भरायला मात्र विसरू नकोस.

स्प्रिंगबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण आपल्याकडे ते कापून गाडी खाली बसवायची पद्धत पडली आहे. कापलेला स्प्रिंग कडक होतो, शॉकअपचा मेळ बिघडतो, चाक पूर्ण खाली लोंबलं तर स्प्रिंग जागा सोडू शकतो. शिवाय आपली जमीन बघ. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर लाटांसारखा वर-खाली होतो. खाली बसवलेली गाडी अशा लाटेवर इंजिनाच्या सम्पवर आपटली तर ऑइल रस्त्यावर सांडेल. पहिल्या वर्षी उंची मूळचीच ठेव. पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे माथ्याकडून आत कल, देता आला तर दे. तुझी गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, वळणात नाक बाहेर ढकलते, आणि त्यावर हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

वजन कमी करायला तर पैसेही लागत नाहीत. शंकरपटाला जाणारा शेतकरी बैलाला खुराक देतो, पण छकडा आधी हलका करतो. ट्रॅकवर पोचलास की स्टेपनी, जॅक, मागची सीट, डिकीतला पसारा काढून ठेव. एअरबॅग आणि सीटच्या पट्ट्याला हात लावू नकोस.

कोन फिल्टरचंही गणित करून बघ. एप्रिल-मे मध्ये बाहेर 40 अंश असताना मूळ नळी बाहेरची हवा घेते. उघडा फिल्टर बोनेटखालची 60 अंशांची हवा ओढेल. ती सहा टक्के विरळ असते. 83 पीएसच्या इंजिनात तेवढ्याने पाचेक पीएस जातात, म्हणजे पैसे देऊन ताकद घालवणं. टर्बो नसलेल्या इंजिनाला रिमॅपही फारसं काही देत नाही. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्याला हवा-इंधनाचं प्रमाण 14.7 ऐवजी साडेतेराच्या आसपास लागतं. दुसऱ्या देशातल्या इंधनावर बेतलेली फाइल डोळे झाकून भरली तर काय होईल ते तुला कळतं.

टर्बो गाड्यांत रिमॅपने ताकद खरंच वाढते, पण तिचा भार पुढच्या गिअरबॉक्सवर जाऊन बसतो. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचा टॉर्क 175 न्यूटन-मीटर होता आणि तिचा सात गिअरांचा ड्राय क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स 250 पर्यंतचाच. म्हणून कारखानेही ताकद एकटी वाढवत नाहीत. रांजणगावला बनलेल्या 2015 च्या पुंटो अबार्थला 145 पीएस दिले तेव्हा चारही चाकांना डिस्क दिल्या. 2018 च्या टियागो जेटीपीत 85 चे 114 पीएस केले, आणि सोबत उंची, स्प्रिंग, चाकं सगळं बदललं. ती गाडी टाटांनी ज्या जयेमबरोबर केली, ती कंपनी कोइंबतूरची.

आणि तू ज्या ट्रॅकवर जाणार आहेस त्याला ज्यांचं नाव आहे, त्या एस. करिवर्धन यांनी 1988 मध्ये फॉर्म्युला मारुती आणली ती कशी? मारुती 800 चं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेतलं आणि त्याच्याभोवती हलकी, एका माणसाची गाडी बांधली. त्या गाड्यांवर घडलेल्या मुलांपैकी एक, नारायण कार्तिकेयन, 2005 मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत गेला. करिवर्धन हा माणूस मला फार मोठा वाटतो. 1995 मध्ये विमान अपघातात ते गेले.

कायद्याचंही सांगतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. आर.सी. दाजींच्या नावावर आहे, म्हणजे मालक तेच. मूळ मापाचे टायर, पॅड, ऑइल यांत असा बदल काही नाही. विमा मात्र शर्यतीतलं नुकसान भरून देत नाही, तेव्हा पॉलिसी वाचून ठेव. आणि सार्वजनिक रस्त्यावर वेगाची परीक्षा अजिबात नको.

पहिल्या खेपेला नवं ऑइल, पॅड आणि टायर, एवढंच करून जा. तीन-चार वेगवान लॅप झाले की एक लॅप ब्रेकला हात न लावता सावकाश मार; पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लाव. प्रत्येक फेरीनंतर हवा, पेडल कसं लागलं, टायरची कोणती कड झिजली, हे वहीत लिही आणि ती पानं मला पाठव. शॉकअप कोणते घ्यायचे ते त्यावरून ठरवू.

पॅड मी इथूनच पाठवतो. त्याआधी पुढच्या डिस्कची जाडी व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी मोजून कळव. किमान किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. कमी भरली तर डिस्कही सोबत पाठवेन.

ताई-दाजींना नमस्कार.

तुझा
मामा