शाकाहारी घरात टेपवर्म

आमच्या घरात अंडंही येत नाही, आणि लेकीच्या मेंदूत टेपवर्मची अळी निघाली, तीही डुकरांत वाढणाऱ्या जातीची. एमआरआयवर बारीक गोल गाठ, भोवती सूज. न्यूरॉलॉजिस्ट समजावत होते, मला काही उमगत नव्हतं. हा जंत ज्याच्या आतड्यात असतो त्याच्या शौचातून अंडी मातीत-पाण्यात जातात, तिथून नीट न धुतलेल्या कोथिंबिरीवर, गाजरावर, हातांवर. कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर आतड्यात जंत होतो. मेंदूत अळी पोचते ती या अंड्यांमुळे. म्हणून शाकाहाऱ्यांनाही होतं. भारतात फिट येण्याचं हे एक मोठं कारण, आणि मी नावही ऐकलं नव्हतं.

फिट म्हणजे धाडकन पडणं, दातखीळ, तोंडाला फेस, एवढंच मला ठाऊक. हिच्या उजव्या हाताची फक्त बोटं उडत होती आणि ती बोलत होती, “आई, मला कळतंय सगळं, पण हात थांबतच नाहीये.” मेंदूच्या एकाच भागातून सुरू होते ती फोकल, दोन्ही बाजूंना सुरुवातीलाच पसरते ती जनरलाइज्ड. काही मुलं तर नुसती काही सेकंद शून्यात बघतात. वर्गात त्यांना ‘लक्ष कुठंय’ म्हणून ओरडा बसतो. हे ऐकल्यापासून ती मुलं माझ्या मनातून जात नाहीत.

ईईजी नॉर्मल आला तेव्हा मला हायसं वाटलं, तर डॉक्टर म्हणाले, तेवढ्यावरून अपस्मार नाही असं ठरत नाही. कुणाला जन्मताना प्राणवायू कमी पडलेला, कुणाच्या डोक्याला मार, कुणाला मेंदूज्वर, कुणाचं जनुकांतच; जगभरातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. आमचं सापडलं. गाठ औषधांनी विरेल अशी आशा आहे. तोवर लेव्हेटिरासिटामची गोळी सकाळ-संध्याकाळ, न चुकता. तिची चिडचिड वाढलीय, तीही गोळीमुळे असू शकते म्हणे.

“कुणाला बोलू नकोस, मुलीची जात आहे,” यांच्या आत्या म्हणाल्या. हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द ठरवण्याच्या कारणांत अपस्मार होता, तो १९९९ साली काढला. आत्यांना हे सांगितलं, त्या गप्प बसल्या. वर्गशिक्षिकांना मात्र मी सगळं सांगून आले : जमिनीवर पडली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखान्यात न्या. त्यांनी ते वहीत उतरवलं आणि विचारलं, सहलीला पाठवणार ना? पाठवणार आहे.