राक्षसांचा घसारा

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. पण आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मोल लावल्याशिवाय चैन पडत नाही. जमाखर्चाच्या वहीत न बसणारी वस्तू दिसली की आमचा जीव कासावीस होतो. अशीच एक वस्तू गेले वर्षभर माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे. ती म्हणजे चित्रपटांतले जुने राक्षस!

आजचे राक्षस संगणकावर जन्मतात. पूर्वीच्या परदेशी चित्रपटांतले अक्राळविक्राळ प्राणी मात्र खरोखर हातांनी घडवलेले असत. आत धातूचा सांगाडा, वर रबराची कातडी. कोणी तिकिटे जमवतो, कोणी नाणी; तसे अमेरिकेत आणि इंग्लंडात या राक्षसांचे मुखवटे, पंजे आणि जबडे जमवणारे लोक आहेत. ऐकून हसू येते खरे. पण थोडे खोलात शिरले की हसू मावळते.

१९३३ सालच्या ‘किंग काँग’चेच पाहा. न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतीवर चढणारा तो महाकाय वानर प्रत्यक्षात जेमतेम दीड-दोन फुटांचा बाहुला होता. मार्सेल डेल्गाडो या कारागिराने तो घडवला आणि अंगावर सशाची कातडी चढवली. विलिस ओब्रायन त्याला केसभर हलवी, एक चित्र घेई, पुन्हा हलवी. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी चोवीस चित्रे लागतात. त्या चित्रपटात काँगच्या अंगावरचे केस सारखे थरथरताना दिसतात. तो वारा नव्हे, वाचकहो! दर वेळी बाहुला हलवताना केसांना लागलेली ती माणसाची बोटे आहेत.

पण या राक्षसांना एक शाप आहे. पुढे रबराच्या चिकाला फेस आणून, साच्यात ओतून, भट्टीत भाजून स्पंजासारखी मऊ कातडी करू लागले. पडद्यावर ती जिवंत भासते. परंतु हवा आणि उजेड लागून काही वर्षांतच ती कडक होते, तडकते आणि भुगा होऊन गळून पडते. नोव्हेंबर २००९ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात काँगचा एक बाहुला १,२१,२५० पौंडांना विकला गेला, तेव्हा त्याच्या अंगावर कातडी उरलीच नव्हती. होता तो बावीस इंचांचा नुसता सांगाडा. डिसेंबर २०२२ मध्ये ‘ई. टी.’ (१९८२) चित्रपटातल्या परग्रहवासी पाहुण्याचा पंचाऐंशी ठिकाणी हलणारा यांत्रिक सांगाडा पंचवीस लाख साठ हजार डॉलरांना गेला. म्हणजे प्रेक्षकांनी जे पाहिले ते नाहीसे झाले, आणि जे कोणाला दिसू नये म्हणून झाकले होते, त्यालाच मोल आले.

आमच्या पाठ्यपुस्तकात घसारा शिकवतात. यंत्र विकत घ्या, दरवर्षी त्याची किंमत कमी करत जा, शेवटी उरते ती भंगाराची किंमत. चित्रीकरण संपले की राक्षस त्याच दिवशी भंगारात जमा! ‘जॉज’ (१९७५) चित्रपटासाठी केलेले तिन्ही यांत्रिक शार्क असेच नाहीसे झाले. त्याच साच्यातून काढलेला चौथा स्टुडिओतल्या पर्यटकांसाठी टांगलेला होता. तोही शेवटी कॅलिफोर्नियातल्या एका भंगारवाल्याकडे पोहोचला. त्या भल्या गृहस्थाने तो तोडला नाही. वर्षानुवर्षे तो पंचवीस फुटी मासा मोडक्या मोटारींवर पहारा देत राहिला, आणि २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या चित्रपट संग्रहालयाला भेट म्हणून गेला. घसाऱ्याची कोणती पद्धत या हिशेबाला लागू पडते, ते आमच्या प्राध्यापकांनीच सांगावे.

मला मात्र लिलावात बोली लावणाऱ्यांपेक्षा फॉरेस्ट अॅकरमन अधिक भावला. त्याने लॉस एंजेलिसमधले आपले अठरा खोल्यांचे घर अशा वस्तूंनी भरून टाकले होते, आणि शनिवारी ते कोणाही हौशी माणसाला खुले असे. उतारवयात आजारपण आणि कोर्टकचेरी यांपायी संग्रहाचा मोठा भाग विकावा लागला. तरी २००८ मध्ये मरण येईपर्यंत त्याने लहान घराचे दारही शनिवारी उघडेच ठेवले. तिजोरीत बंद झालेला राक्षस कोणाला भिववणार?

असला संग्रह माझ्या खिशाला परवडणारा नाही. पण आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळात गेल्या वर्षी बकासुराचा हलता देखावा होता. त्याचा जबडा मोटारीच्या वायपरची मोटर आणि सायकलची चेन लावून उघडमीट करी. तो बसवणारे काका मोटर-वायंडिंगचे दुकान चालवतात. अनंत चतुर्दशीनंतर बकासुर मोडायला काढला तेव्हा मी म्हटले, “काका, निदान डोके तरी ठेवू या.”

काका हसले. म्हणाले, “ठेवून काय करतोस रे बाळ? पुढच्या वर्षी हीच मोटर महिषासुराला लावायची. राक्षस मेला तरी मोटर जगली पाहिजे की!”

मला रे हॅरीहाउसेन आठवला. त्याच्या बाहुल्यांचे धातूचे सांधे त्याचे वडील घडवून देत. १९५८ सालच्या सिंदबादच्या चित्रपटातला लढणारा सांगाडा त्याने १९६३ मध्ये ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधल्या सात सांगाड्यांत पुन्हा उभा केला. काटकसर ही कारागिराच्या रक्तातच असते. मग तो हॉलिवूडचा असो की आमच्या गल्लीचा.

डोके गेले. पण मोटर कुठे, चेन कुठे, तोल राखायला विटा किती, हे सारे काकांना विचारून मी वहीत चित्रासह उतरवून ठेवले आहे. काकांच्या वर्कशॉपात असे काही लिहिण्याची पद्धत नाही. सारे त्यांच्या डोक्यात आहे, आणि काकांचे वय आता सत्तरीकडे झुकले आहे.

मित्रहो, आपापल्या गल्लीतला राक्षस यंदा मोडण्यापूर्वी एकदा त्याच्या पोटात डोकावून पाहा. आणि जमल्यास, ज्याने तो हलवला त्याच्याशी चार शब्द बोलून घ्या.