पोराला मिनिटं द्यायची

बास्केटबॉलमधलं मला जे काही कळतं, ते काकांमुळे. सख्खे नव्हेत, नोएडात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजची नूतन मराठी, नोकरी केंद्र सरकारची. मराठी बोलता बोलता मध्येच ‘भई’ यायचं. तरुणपणी ते मैदानावर खेळले, आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर ‘बझरबीटर’वर आले. २००७ साली सुरू झालेला हा ऑनलाइन खेळ. खेळाडू काल्पनिक, सामना संगणक खेळवतो. आपल्या हाती मुख्यतः एवढंच, की कुणाला खेळवायचं आणि कुणाला काय शिकवायचं. मलाही त्यांनीच तिथे संघ काढायला लावला.

शिकवण्याचे नियम त्यांनी कितीतरी संध्याकाळी चहा घेत मला समजावले. आठवड्याला एकच कौशल्य निवडायचं : ड्रिबलिंग, पास, रिबाउंड, जे असेल ते. ते ज्या जागेसाठी निवडलं, त्याच जागेवर पोराने सामन्यांत ४८ मिनिटं खेळायला हवं, तरच पुरता लाभ. सामना ४८ मिनिटांचा, आठवड्यात तीन सामने. म्हणजे एका जागेवर तीनच पोरं घडतात. तेच प्रशिक्षण दोन जागांना वाटलं तर जास्त जणांना मिळतं, पण प्रत्येकाची प्रगती मंदावते. अठराव्या वर्षी पोर झपाट्याने शिकतं, पुढे दरवर्षी वेग घटत जातो. उंच खेळाडू रिंगखालची कामं लवकर उचलतो, बुटका बाहेरची. शिवाय प्रत्येकाच्या कुवतीला एक मर्यादा असते, ती बदलत नाही.

माझ्याकडे एक सात फुटी पोरगा आला होता, कोवळा. काका म्हणाले, “याला पॉइंट गार्डला लाव.” चेंडू आणायचं काम, आणि तेही संघातल्या सगळ्यात उंच माणसाने! “अरे भई, रिंगखालचं तो नंतर पटकन शिकेल. हात आत्ता घडले नाहीत, तर वय निघून जाईल.” मग आम्ही सामने हरत राहिलो. चुकीच्या जागेवर उभा असलेला तो पोरगा चेंडू गमवायचा आणि गुणतक्त्यात संघ खाली जायचा. काका मात्र शुक्रवारची वाट बघत. त्या दिवशी प्रशिक्षणाचा अहवाल येतो. ड्रिबलिंगची एक पायरी वाढलेली दिसली, की जिना उतरून स्वतः सांगायला येत.

सतनाम सिंग भामराबद्दल ते फार आस्थेने बोलत. पंजाबातल्या बल्लो के गावचा हा सात फुटांहून उंच मुलगा. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएचा सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. काकांना ते लागलं होतं. २०१७मध्ये आमच्याजवळ, ग्रेटर नोएडात, एनबीए अकॅडमी उघडली, तेव्हा त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे. तिथे तयार झालेला प्रिन्सपाल सिंग २०२०मध्ये एनबीएच्याच जी लीगमधल्या इग्नाइट संघात गेला. ती बातमी त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. आपल्याकडे उंच पोर दिसलं की त्याला रिंगखाली उभं करतात आणि मग हलवत नाहीत, हे त्यांचं दुखणं होतं. मलाही ते पटतं. उंची कुणालाही दिसते. त्या पोराला चुका करायला मैदानावर वेळ देणारा माणूस लागतो.

माझे वडील सांगलीला इस्पितळात होते, तेव्हा काकांचा रोज रात्री फोन यायचा. आधी वडिलांची चौकशी, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं. मग जरा थांबून, “आणि उद्याचा संघ लावलास ना? पोराची मिनिटं भरायची आहेत.” त्या दिवसांत मी जेवलो-झोपलो, त्यात या फोनचा मोठा वाटा आहे. हे त्यांना मी कधी सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

काका आता पुण्याला मुलीकडे असतात. आमच्या सोसायटीच्या कोर्टावर मी रविवारी मुलांना खेळायला शिकवतो. त्यांत एक मुलगी सगळ्यांहून हातभर उंच आहे. चेंडू आणायचं काम मी तिच्याकडे दिलं. तिची आई नाराज झाली. मुलगी रिंगपाशी उभी राहिली तर आपण जिंकू, असं त्यांचं म्हणणं. मी काकांना फोन लावून दिला. दोघं बराच वेळ हिंदीत बोलले. पुढच्या सामन्यात मुलीने पूर्वार्धभर चेंडू आणला, बऱ्याचदा गमावला. मी तिला बदललं नाही, आणि आईही काही बोलल्या नाहीत.