उदगीरचं माहेर, चिंताकीचं सासर आणि मुंबई

आमच्या चिंताकीत मुंबईहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असे: समुद्र बघितलास का? चिंताकी म्हणजे बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातलं गाव. इकडून महाराष्ट्र जवळ, तिकडून तेलंगण जवळ, समुद्र मात्र कुठूनच जवळ नाही. मोठं पाणी म्हणजे मांजरा नदी, तीही पावसाळ्यात. त्यामुळे माझ्या आईनं, आम्ही तिला माय म्हणतो, वयाची सत्तरी ओलांडेपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. माझी लेक मात्र सोळाव्या वर्षीच मुंबईला तिसऱ्यांदा निघाली होती. बंगळुरात वाढलेल्या आपल्या बहुतेक मुलांसारखी तिची मुंबई म्हणजे विमानतळ, मावशीचा फ्लॅट आणि मॉल.

या वेळी आम्ही तिघं बीदरहून रेल्वेनं गेलो. भालकी, उदगीर, लातूर करत जाणारी थेट गाडी आहे. रोज नसते, पण असते तेव्हा बरी असते. उदगीर आलं तेव्हा माय उठून खिडकीशी बसली. रात्र होती, दिसत काही नव्हतं. तिचं माहेर त्याच तालुक्यातलं.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. १८८७ सालची इमारत, २००४ पासून जागतिक वारशात. लेकीनं फोटो काढले. मला मात्र दोघींना शेजारची इमारत दाखवायची होती, कारण तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. ते मुंबईचं मुख्य टपाल कार्यालय, १९१३ मध्ये पूर्ण झालेलं. जॉन बेग नावाच्या वास्तुकारानं तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला. मायनं काही वर्षांपूर्वी सहलीत गोल घुमट बघितला होता. तिनं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो बारका हाय की." आदिलशाहीतला १६५६ चा घुमट तिच्या लेखी असली होता, हा नकली. तसं पाहिलं तर तिचं खरंच आहे.

माझं एक मत आहे, ते सांगून टाकतो. मुंबईत पहिल्या दिवशी समुद्रावर जाऊ नये. समुद्र बघितला की बाकी शहर फिकं वाटतं. आधी वस्त्या बघाव्यात. म्हणून आम्ही भायखळ्याला गेलो, राणीच्या बागेच्या आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं हे मुंबईतलं सगळ्यांत जुनं संग्रहालय. बुधवारी बंद असतं, लक्षात ठेवा. आत कपाटांमधून हिंडताना माय एका काचेपाशी थबकली. काळी वस्तू, तिच्यावर चांदीची नक्षी. "बिदरी," ती म्हणाली.

लेकीला बिदरी माहीत होती ती घरातल्या शोकेसमधली, कुणीतरी लग्नात दिलेली. मग मायनं तिला तिथंच सांगितलं की जस्त आणि तांब्याचं ओतकाम करतात, कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून लावतात. तेव्हा धातू काळा पडतो आणि चांदी तशीच राहते. दुसरी माती चालत नाही म्हणतात कारागीर. बाजूला उभी असलेली एक बाई ऐकत होती. तिनं विचारलं, "तुम्ही कुठल्या?" माय म्हणाली, "बीदरच्या." "म्हणजे कर्नाटक? पण मराठी छान बोलता." मायला यावर काय बोलावं कळेना. ती नुसती हसली.

बाहेर आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हाच हत्ती पूर्वी घारापुरी बेटावर होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना तो फुटला. मग तुकडे जोडून इथं उभा केला. मायनं त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला. हत्ती म्हणजे गणपती, तिचा हिशोब सरळ असतो.

भायखळ्यापासून कामाठीपुरा लांब नाही. आज ते नाव वेगळ्याच कारणानं घेतलं जातं. पण ज्यांच्यावरून ते पडलं ते कामाठी म्हणजे निजामाच्या मुलखातून आलेले तेलुगू भाषक मजूर आणि कारागीर. एकोणिसाव्या शतकातली मुंबई बांधायला त्यांचे हात लागले. आम्हीही त्याच मुलखातले. लेकीनं विचारलं, "मग आपण मराठी की हैदराबादी?" मी म्हटलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी गिरगावात चाळी बघितल्या. १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती जिथं बसला ती केशवजी नाईक चाळ बघितली. आता खालून मेट्रो जाते. तिथून फोर्टात, हुतात्मा चौकात आलो. फ्लोरा फाउंटन १८६४ चं. त्याच्याजवळ मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गेली. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार याच परिसरातला. आजूबाजूला टॅक्स्या, बँका, जेवणाचे डबे घेऊन पळणारी माणसं. स्मारकापाशी थांबलेले आम्ही तिघंच.

लेकीला मी कालच्या प्रश्नाचं उत्तर इथं दिलं. आजीचा जन्म १९५२ चा. तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं आणि जिल्हा हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली. उदगीर मुंबई राज्यात गेलं, उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि पुढं १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात. बीदर, भालकी, औराद गेले म्हैसूर राज्यात. म्हणजे आजीच्या माहेरानं जागेवर बसून तीन जिल्हे बघितले. आणि तिचं लग्न झालं ते रेघेच्या पलीकडे. चळवळीच्या घोषणेत मुंबईच्या जोडीनं बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी ही नावं होती. १ मे १९६० ला राज्य झालं, मुंबई मिळाली. बाकीची नावं राहिली. महाजन आयोग झाला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

माय स्मारकाकडे बघत होती. "आमचं बी नाव घेत होते म्हणं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "निकाल लागस्तोर आपण कुटले?"

लेक हसली आणि मग तिचं तिलाच काहीतरी वाटून गप्प झाली. मला उत्तर सुचलं नाही. आम्ही टॅक्सी केली.

जेवायला माटुंग्याला गेलो, कारण मायला तिखट तर्री आणि पाव नको झाले होते. पूर्व माटुंग्यात दक्षिणेकडून आलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. फुलांच्या वेण्या, केळीची पानं, कापीचा वास. एका उडपी खाणावळीत बसलो. वाढणारा मुलगा कुंदापूरकडचा. त्याच्या बोलण्यावरून मायनं ते ओळखलं आणि कन्नडमध्ये सारू मागितला. त्यानं चमकून विचारलं, "यावूरू अम्मा?" "बीदर जिल्ला री," माय म्हणाली. मग दोघांचं सुरू झालं. तिची कन्नड मराठीत बुडवलेली, त्याची किनाऱ्यावरची. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं ताटात काही दुसऱ्यांदा मागून घेतलं. मराठी माणसाच्या राजधानीत माझ्या मराठी आईला घरच्यासारखं वाटलं ते कन्नडमध्ये. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण लिहायला हवं असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ससून डॉक. १८७५ ची गोदी. लेक नाक धरून आत शिरली आणि पाच मिनिटांत नाक सोडून बघत राहिली. बोटीतून टोपल्या वर येतात, तिथल्या तिथं लिलाव होतो आणि सगळा कारभार कोळणींच्या हातात. मायला सुकट घ्यायचं होतं. इथं मला लेकीबद्दल सांगावं लागेल. ती आपल्या मंडळाच्या मराठी वर्गात शिकलेली आहे, तिची मराठी नीटस. आजी "काय करलालीस?" म्हणाली की ती "आजी, काय करते आहेस म्हण" असं दुरुस्त करते. आमच्याकडे, उदगीर-बीदरकडे, असंच बोलतात: करलालो, येलालंय. आता डॉकवर आजी आणि कोळीण भाव करू लागल्या. लेकीला कोळणीची मराठी निम्मी कळली, कोळणीला आजीची निम्मी. भाव मात्र दोघींना पूर्ण कळला आणि जमलाही. निघताना कोळीण म्हणाली, आजी कुठल्या गावची गं? लेकीनं सांगितलं, "चिंताकी." नुसतं एवढंच. त्यानंतर घरी येईपर्यंत तिनं एकदाही आजीला दुरुस्त केलं नाही. मी मोजत होतो.

गेटवे, ताज हॉटेल हे सगळ्यांनी बघितलेलं असतं, ते सोडतो. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो. भरती होती. लाटा खालच्या सिमेंटच्या तिकाट्यांवर फुटत होत्या आणि वर तुषार येत होते. माय बराच वेळ बोलली नाही. मग, "किती पानी येलालंय गं," ती नातीला म्हणाली. "येलालंय की," नात म्हणाली.

वरळीचा कोळीवाडा, माहीम आणि घारापुरी राहिलं. घारापुरी सोमवारी बंद असते, आम्ही नेमके सोमवारी मोकळे होतो. दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरतंय. लेक तिकिटं बघते आहे. मायला मात्र बोटीत बसायचं नाही. तिचं म्हणणं, हत्ती तर इकडंच बघितला.