हवा कोठे जाते?

2023 च्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल बदामीस मुक्कामाला होती. प्रातःकाळी पाहतो तो आमची भाड्याची बस मागल्या डाव्या अंगाला गुडघा टेकून बसलेली! टायर मात्र टणक. चालकमामा आमच्याच गावचे. म्हणाले, "मास्तर, वारें खंय वता तें पळोवया."

मुलांनो, अशा बसला पोलादी पाट्यांऐवजी रबरी फुगे असतात. त्यांतील दाबलेल्या हवेवर सारा भार तोललेला असतो. मामांनी इंजिन चालवून टाकीत हवा भरली, चाकांना दगड लावले आणि सांगाड्याखाली लोखंडी घोड्या देऊ लागले. मला वेळेची घाई. "दोन मिनिटांचे तर काम! घोड्या कशाला?" असे मी बोलून गेलो.

"फुगा बसला की टनांनी वजन खाली येते, मास्तर. तेव्हा मी कोठे असेन?"

मी वरमलो.

मग साबणाचे पाणी नि कुंचला घेऊन ते आत शिरले. फुग्याचे रबर निर्दोष निघाले. (ते चिरले असते तर ठिगळ चालत नाही, फुगा बदलावाच लागतो.) सांध्यामागून सांधा भिजवता भिजवता एका पितळी जोडापाशी फेस फुगू लागला. नायलॉनची नळी तेथे लोखंडाला घासून झिजली होती. हवा सोडून मामांनी तेवढे टोक सरळ कापले, नळी पुन्हा घट्ट बसविली, घासणाऱ्या जागी रबर गुंडाळले. पुन्हा साबण. बुडबुडा नाही!

लेणी पाहावयास दोन तास उशीर झाला. मुख्याध्यापकांना मी 'गाडीतील बिघाड' असे कारण कळविले. माझ्या घाईविषयी काही लिहिले नाही.