हातानं जेवणाऱ्यांचं ताट

ताट घडवणाऱ्यानं आधी जेवणाऱ्याची बोटं पाहावीत. आपण वरणभात कालवतो तेव्हा बोटं ताटाच्या बुडावरून फिरतात, भात गोळा करत कडेपर्यंत नेतात आणि कडेला टेकवून घास बांधतात. म्हणून कडेला उंची हवी. पण ती बुडापासून एकदम उभी चढलेली नको. बेचक्यात शितं अडकतात आणि शेवटचा घास हाती लागत नाही. काट्या-चमच्यासाठी बनलेली सपाट, रुंद काठाची प्लेट आपल्याला जरा परकी वाटते ती यामुळेच. तिच्यात आमटी पसरत जाते आणि भाताला टेकायला काही मिळत नाही. चाकावर बसून जेवणाची भांडी घडवणारे स्टुडिओ-कुंभार आता महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. त्यांच्यापैकी ज्यांनी हातानं जेवण्याचा असा विचार केला आहे, त्यांचं ताट दुसऱ्या घासालाच ओळखू येतं.

आमच्या वाणगावकडे मातीचं भांडं काही नवीन नाही. बोईसर सोडून गाडी डहाणूकडे निघाली की कारखान्यांचा पसारा मागे पडतो. भातखाचरं आणि मिरचीची शेतं दिसू लागतात, अधूनमधून ताडाच्या शेंड्याला बांधलेलं मडकं. उन्हाळ्यात दाराशी माठ असतो. थंडीत वाडवळांच्या घरी उकडहंडी लागते. संक्रांतीला सुगडं, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या, आणि माणूस गेल्यावर खांद्यावरून फिरवून फोडायचं पाण्याचं मडकं. जन्मभर माती सोबत असते, पण ताटाच्या जागी ती आपण कधी येऊ दिली नाही.

त्याची कारणं दोन. गावच्या आव्यात भाजलेलं मडकं सच्छिद्र राहतं. त्यातून पाणी पाझरतं म्हणून तर ते गार होतं. पण त्याच छिद्रांत तेल, हळद, आंबट सगळं मुरतं. दुसरं कारण सोवळ्याओवळ्याचं. धातूचं भांडं राखेनं घासलं की शुद्ध. मातीचं एकदा उष्टं झालं की टाकायचं. त्यामुळे आपण केळीच्या पानावर जेवलो, पत्रावळीवर जेवलो, पितळ-काशात जेवलो, मग स्टीलमध्ये. चिनी मातीला घरात घेतलं ते बरणीच्या रूपात, कारण लोणच्याच्या खारापुढे धातू टिकत नाही आणि झिलईचं काही बिघडत नाही. मग चहाबरोबर कपबशी आली. तिच्याबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळून पुढे जाता येत नाही. कितीतरी घरांत एक कान तुटका कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे, आणि तो कुणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत असे. ज्याला दिला जाई त्यालाही. भांड्याच्या सौंदर्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकानं तो कप आठवावा असं मला वाटतं.

मुंबईच्या जे. जे. कला शाळेत 1870च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकारानं झिलईची भांडी होऊ लागली आणि त्यांच्यावर अजिंठ्याच्या नक्षीचे नमुने उतरले. देखणं काम होतं, पण ते फुलदाण्यांचं, दिवाणखान्याचं. जेवणाच्या जवळ येणारी माती यायला पुढचं शतक अर्धंअधिक उलटावं लागलं. आपल्याकडे त्या वाटेवर निर्मला पटवर्धन यांचं नाव फार आदरानं घ्यावं लागेल. शांतिनिकेतनात आणि पुढे युरोपात शिकून आलेल्या या बाईंनी झिलईच्या रसायनात आयुष्य घातलं. सुंग काळातल्या चिनी कुंभारांची दुधाळ निळी ‘चुन’ झिलई त्यांनी ध्यास घेऊन साधली, आणि भारतात मिळणाऱ्या कच्च्या मालातून काय जमतं ते 1984 साली ‘हँडबुक फॉर पॉटर्स’मध्ये सगळ्यांसाठी लिहून ठेवलं. झिलईच्या कृती जपून, झाकून ठेवण्याची रीत असलेल्या धंद्यात हे औदार्य मोठं आहे. दुसरं नाव ब्रह्मदेव पंडित यांचं. वाणगावहून मुंबईला जाताना लागणाऱ्या भाईंदरमध्ये त्यांचा स्टुडिओ. बिहारमधल्या नवादा जिल्ह्यातल्या कुंभाराच्या घरात जन्मलेल्या या माणसानं परंपरेचं चाक सोडलं नाही आणि उंच आचेची स्टोनवेअर भांडी घडवली. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पिढीजात कुंभाराला ‘कलावंत’ म्हणायला आपल्याला इतका उशीर का लागतो, हा प्रश्न त्या सन्मानाच्या आनंदातही मला बोचतो.

स्टोनवेअर म्हणजे 1200 ते 1300 अंश सेल्सिअसच्या आचेत भाजलेली माती. तिथे मातीचे कण वितळून एकमेकांत सांधले जातात, छिद्रं मिटतात, आणि भांडं दगडासारखं घट्ट होतं. साधारणपणे भट्टी दोनदा लावतात: एकदा कच्चं भांडं भाजून घ्यायला, आणि झिलईत बुडवून पुन्हा. या सगळ्या प्रवासात ताट दहाव्या हिश्शानं, कधी त्याहून जास्त आक्रसतं. आणि सगळ्या भांड्यांत ताटच जास्त छळतं. वाटी आपल्या गोलाईनं स्वतःला सावरते. ताटाचं बूड पसरट. चाकावर ते नीट दाबून घेतलं नाही तर वाळताना मधोमध चीर जाते. कडा आधी वाळल्या आणि बूड ओलं राहिलं तर ताट वाकतं. आमच्याकडे आषाढ-श्रावणात दोरीवरचे कपडेही वाळत नाहीत, तिथे ही ताटं फडक्याखाली झाकून, उलटीपालटी करत, दिवसेंदिवस सांभाळावी लागतात. गावचा कुंभार पावसाळ्यात आवा लावतच नाही, ते शहाणपणाचंच आहे. भट्टी निवतानाही घाई चालत नाही. 573 अंशांपाशी मातीतल्या गारेची रचना पालटते आणि ती एकदम आकसते. तिथे थंड हवा लागली तर आठवड्यांची मेहनत तडकते.

एवढं करून पार पडलेल्या ताटाची खरी परीक्षा आपला स्वयंपाक घेतो. झिलई अंगच्या मातीपेक्षा जास्त आकसली तर तिच्यावर केसासारख्या रेघा पडतात. पाहायला त्या सुंदर दिसतात, पण हळदीचं कालवण वाढलं की प्रत्येक रेघ पिवळी होते आणि तशीच राहते. चिंच आणि आमसूल याहून कडक परीक्षक. झिलईत शिसं असेल तर आंबट पदार्थ ते बाहेर ओढून काढतात, म्हणून जेवणाच्या भांड्याला शिशाची झिलई नकोच. भांडं विकत घेताना हे कुंभाराला जरूर विचारावं. चांगला कुंभार या प्रश्नानं रागावत नाही, उलट खुलून सांगत बसतो.

किंमत ऐकून लोक थबकतात, आणि स्टीलच्या ताटाशी तुलना केली तर थबकणं साहजिक आहे. पण मला खटकतं ते दुसरंच. ज्यांना परवडतं तेही ही ताटं काचेच्या कपाटात ठेवतात आणि रोज जेवतात मेलामाइनमध्ये. कुंभारानं कडेच्या उतारावर, बुडाच्या कड्यावर, वजनावर जीव टाकलेला असतो तो हातासाठी. जेवणाचं भांडं फुटेल म्हणून वापरायचं नाही, हे मला पटत नाही.

आमच्या भागातल्या जेवणासाठी कुणी खास ताट घडवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. झिलईसाठी लांब जायला नको. भाताच्या तुसाच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. जपानी कुंभार अशाच राखेतून ‘नुका’ नावाची दाट, सायीसारखी पांढरी झिलई करत आले. हमादा शोजींसारख्या थोर कुंभारानं ती आवडीनं वापरली. वाणगावच्या गिरणीबाहेर तुसाचे ढीग पडलेलेच असतात. ताट एवढं रुंद हवं की तांदळाची भाकरी न दुमडता मावेल. बूड मध्याकडे किंचित खोलगट, म्हणजे बोंबलाचं कालवण भाकरीखाली पळणार नाही. मीठ-लिंबाला डावीकडे कडेवर अंगठ्यानं दाबून केलेली खळगी. उजवीकडे काटे ठेवायला तशीच एक, पण तेवढ्या भागावर लोहाची गडद तपकिरी झिलई. कारण पांढऱ्यावर पांढरा काटा दिसत नाही, आणि पोराला शेजारी बसवून मासे भरवताना किती काटे निघाले ते दिसायला लागतं.